पागेतला बालवर्ग

बाक चार इंच जास्त उंच झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. चार इंचांत काय मोठंसं, असं ज्याला वाटत असेल त्यानं सात वर्षांच्या मुलाला त्या बाकावर बसवून बघावं. पाय लोंबकळतात, मूल पुढे घसरत येतं आणि शेवटी हनुवटी मेजाच्या कडेवर टेकून जगाकडे बघत बसतं. असे वीस बाक तयार होऊन ओळीनं मांडलेले होते.

आमच्या घरात ही हकीकत मीच सांगतो, कारण बाकीच्यांना ती जशी घडली तशी आठवते. तेव्हा आधी मी कोण ते सांगून टाकतो. मी बडोदे सरकारच्या बांधकाम खात्यात नकाशे काढत असे. आजोबा संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते. वडील त्याच पागेत घोड्यांवर देखरेख करीत. मला घोड्यांची भीती, म्हणून मी पेन्सिल धरली. महाराजांच्या हुकुमानं मुलामुलींना शाळा सक्तीची झाली तेव्हा शहरात जागा कमी पडू लागल्या, आणि आमच्या वस्तीजवळची एक ओस पडलेली पागा बालवर्गासाठी दुरुस्त करायचं ठरलं. म्हणजे घोडे गेल्यावर का होईना, घराण्यातला तिसरा पुरुष पागेत दाखल झाला.

बाकांसाठी माप हवं होतं. मी हेडमास्तरांना निरोप पाठवला की बालवर्गातली दहा मुलं मापाला पाठवावीत. हेडमास्तरांना वाटलं, खात्यातून कोणी येतंय म्हणजे तपासणीच असणार. त्यांनी शाळेतली निवडक दहा मुलं पाठवली. उंच, धुतल्या कपड्यांतली, भरजरी टोप्या घातलेली. एकाला तर ओठांवर लव फुटली होती. मी दहाही मुलांची गुडघ्यापासून टाचेपर्यंत मापं घेतली, सरासरी काढली आणि ती इंचाच्या आठव्या भागापर्यंत अचूक काढली. मिसरूड फुटलेला मुलगा बालवर्गात कसा, हा प्रश्न मला पडला नाही. मोजायला बसलो की मला दुसरं काही सुचत नाही.

बालवर्गातली खरी मुलं बाकांवर बसवली तेव्हा इंजिनिअर साहेब समोर उभे होते. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "ही मुलं बसलीत की वाळत घातलीत?"

मी मिस्त्रीकडे बघितलं. जवळच्या गोरवा गावचा म्हातारा सुतार; बोलणं गुजराती आणि मोजकं. तो म्हणाला, "माप तमे आप्युं, साहेब. में तो लाकडुं काप्युं."

साहेबांनी बाक कापायला सांगितले, आणि मला सांगितलं की या खेपेला खरोखरीच्या सात वर्षांच्या मुलाचं माप आणा. असं एक मूल माझ्याच घरात होतं.

आमची मुलगी त्याच महिन्यात सात वर्षांची झाली होती. पण तिचं माप घेणं दिसतं तितकं सोपं नव्हतं, आणि ते का, हे सांगायला मला तीन वर्षं मागे जावं लागतं. शहरात प्लेग आला होता. लोक घरं सोडून गावाबाहेरच्या शेतांत झोपड्या बांधून राहत होते; आम्हीही होतो. तिथं आमचा मुलगा गेला. चौथं वर्ष चालू होतं त्याला. मुलगी त्याच्याच मागे-पुढे रांगत मोठी झालेली, त्याच्याहून काही महिन्यांनीच मोठी वाटावी अशी, खरं म्हणजे वर्षानं मोठी. त्या दिवसानंतर बायकोनं मुलीला दाराबाहेर काढली नाही. देवळात नाही, जत्रेत नाही, शेजारच्या ओटल्यावरही नाही. शाळा सक्तीची झाल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा ती फक्त "बघू" म्हणाली. मी तो होकार समजलो. लग्नाला बारा वर्षं होऊनही मी तो होकार समजलो.

तर त्या दिवशी मी दुपारी माप घ्यायला घरी आलो. मुलगी झोपाळ्याखाली चटईवर निजली होती. जागी असती तर माझ्यासमोर उभी राहिली नसती. माझ्यापुढे ती नेहमीच जरा आक्रसून असे. म्हटलं, बरं झालं. खिशातून सुतळी काढली. आधी गुडघ्यापासून टाचेपर्यंत धरली आणि गाठ मारली. मग वाटलं, आलोच आहोत तर डोक्यापासून टाचेपर्यंतही घेऊन टाकू, फळीच्या उंचीला उपयोगी पडेल. सुतळी तिच्या अंगाशेजारी सरळ पसरली आणि दुसरी गाठ मारली.

मागच्या दारातून बायको गव्हाचं सूप घेऊन आत आली. तिथंच उभी राहिली.

"काय करताय?"

"बाकाचं माप घेतोय. सरकारी काम आहे."

"निजलेल्या पोरीचं?"

तेव्हा कुठे माझ्या हातात काय आहे ते मला दिसलं.

त्या शेतात, त्या दिवशी, खड्डा खणणाऱ्यानं विचारलं होतं, "केवढा?" कोणाला सांगता येईना. मग कोणीतरी सुतळी माझ्या हातात दिली. हा मापाचं काम करतो, हा नीट घेईल. आणि मी नीट घेतलं. डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, आणि ती खणणाऱ्याकडे दिली. कमी नाही, जास्त नाही. बायको झोपडीच्या तोंडाशी बसलेली होती. तिनं ते पाहिलं होतं की नाही, हे मी तिला तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या हातातली सुतळी घेतली, दोन्ही गाठी दातांनी सोडवल्या आणि सुतळी चुलीत घातली. मग मुलीला उठवून बसवली आणि तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. मुलगी अर्धवट झोपेत, आपल्याला काय झालं ते तिला कळेना. सगळं आवरल्यावर बायको म्हणाली, "मी हिला घेऊन भरूचला जाते. दादाकडे."

"किती दिवस?"

"हिची शाळेची वर्षं सरेपर्यंत."

"अगं, काहीतरी काय! शाळा मी बांधतोय, आणि माझीच मुलगी..."

"बांधा की. कोण नको म्हणतंय? गाडी करजणच्या पुढे गेली की तुमच्या सरकारचा हुकूम संपतो. दादाकडे इंग्रजांचं राज्य आहे. तिथं पोरगी आईजवळ बसली तर यादी घेऊन कोणी दाराशी येत नाही."

हे ऐकून मी दुःखाआधी चकितच झालो, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या संस्थानचा नकाशा म्हणजे उसवलेली गोधडी. एक तुकडा आपला, एक इंग्रजांचा, मध्येच कोणा ठाकोराचा. त्या नकाशाच्या हद्दी लाल शाईनं रेखताना मी घरी मांडीवर पाट घेऊन कितीदा बसलो होतो. चहाचा कप ठेवताना बायको त्याकडे एवढ्या बारकाईनं बघत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पौर्णिमा झाली की निघते," ती म्हणाली. पौर्णिमेला सतरा दिवस होते.

मला बायकोशी वाद घालता येत नाही. मी भिंतींशी घालतो. दुसऱ्या दिवसापासून मी त्या पागेच्या मागे लागलो. मनात एकच होतं की, जागाच अशी करायची की मुलगी तिथं एकदा गेली तर तिला परत निघावंसं वाटू नये. मग तिच्या आईला तरी काय बोलता येईल? सरकारी पैशानं, सरकारी वेळात मी एका मुलीची शाळा बांधायला बसलो होतो. बाकीच्या चाळीस मुलांना मी मनात धरलंच नव्हतं.

पण त्या एका मुलीला काय आवडतं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी तिच्याकडे बघायला लागलो. कचेरीतून आलो की पेपर तोंडापुढे धरून बसे आणि कडेनं बघे. बायकोनं एकदा येऊन माझा पेपर सुलटा केला आणि निघून गेली.

मला दिसलं ते असं. मुलगी झोपाळ्यावर बसत नसे. झोपाळ्याखाली, भिंतीला पाठ लावून बसे. तांदळाची कणगी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ती तासन् तास राहू शके. आमच्या खिडक्या उंच आणि दाराला कडी, म्हणून ती आत उंबऱ्याशी पालथी पडून दाराखालच्या फटीतून रस्ता बघे. तिच्या जगात फक्त माणसांचे पाय होते. कोणते पाय कोणाचे हे तिला ओळखता येत होतं. "बाबा, तुमचा डावा जोडा घासलाय," असं ती एकदा मला म्हणाली होती, आणि मी तो दुरुस्तही करून आणला होता. तिला ते कुठून दिसलं असेल, हे मात्र मी विचारलं नव्हतं.

पागेच्या खिडक्या घोड्यांच्या डोक्यांच्याही वर होत्या. रस्त्याकडची एक मी खाली आणली. इतकी खाली, की जमिनीवर बसलेल्या मुलालाही बाहेर दिसावं. इंजिनिअर साहेबांनी नकाशा बघून विचारलं, "मुलं बाहेरच बघत बसतील त्याचं काय?"

"बाहेर एक कडुनिंब आहे, साहेब. बाकी काही नाही."

"रस्ता आहे ना?"

"रस्त्यावर काही नसतं."

हे मी ज्या रस्त्याबद्दल बोललो त्यावरून उंट, बैलगाड्या, कुल्फीवाला आणि वर्षातून एकदा हत्तीसुद्धा जातो.

मागच्या भिंतीला विटांच्या गव्हाणी बांधलेल्या होत्या. त्यांत घोड्यांना चारा घालीत. त्या फोडायचा हुकूम होता. मी तीन गव्हाणी ठेवल्या, चुन्यानं गुळगुळीत करून घेतल्या आणि कागदावर कारण लिहिलं, 'पुस्तकं ठेवण्याकरिता'. प्रत्येकीत एक मूल गुडघे पोटाशी घेऊन बरोबर मावत होतं. आणि सगळ्या भिंतींचा खालचा भाग, लहान हात पोहोचेल तिथपर्यंत, फळ्यासारखा काळा केला.

मिस्त्रीनं काळ्या भिंतीवरून बोट फिरवलं. "साहेब, आ निशाळ छे के रमवानुं घर?"

"शाळाही आणि खेळायचं घरही, मिस्त्री."

"घोडा खुश थात," तो म्हणाला, म्हणजे घोडे असते तर खुश झाले असते, आणि रंधा मारायला लागला.

बाक त्यानं कापून आणले. त्यासाठी मी पुन्हा कोणाचं माप घेतलं नाही. सुतळी हातात धरवेना. मुलगी पाटावर जेवायला बसे तेव्हा नजरेनंच जोखलं आणि आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा अंदाजानं दिलेलं माप, आणि तेच बरोबर आलं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. टांगा पागेवरून जाणार होता, आणि मी टांगेवाल्याला तिथं थांबायला सांगितलं.

"चावी द्यायची आहे," मी म्हटलं.

"चावी आहे की युक्ती आहे?" बायको म्हणाली.

"चावी."

"बरं. लवकर द्या."

मुलगी माझ्याबरोबर उतरली. आत कोणी नव्हतं. शाळा उघडायला चार दिवस होते. ती सरळ गव्हाणीकडे गेली, आत चढून बसली, उतरली, दुसऱ्या गव्हाणीत बसली. खिडकीशी गेली आणि बाहेर टांग्याचा घोडा होता त्याच्याकडे बघितलं. पायाकडे नाही, तोंडाकडे. मेजावर खडूचे तुकडे पडले होते. तिनं एक उचलला, काळ्या भिंतीला टेकवला आणि चालायला लागली. दारापासून एक रेघ निघाली ती चारही भिंतींवरून फिरून परत दाराशी आली. ती हसली नाही. मी मनात म्हणत होतो, आता हिनं रडावं. इथून जायचं नाही म्हणून भोकाड पसरावं.

"गाडी चुकेल हं," बाहेरून हाक आली.

मुलीनं खडू मुठीत धरला आणि निमूटपणे टांग्यात जाऊन बसली. तिला सांगितलेलं ऐकायची सवय होती. तीन वर्षांत आम्हीच ती लावली होती. माझी सतरा दिवसांची युक्ती अशी सतरा पावलांत संपली.

स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बायको खिडकीतून म्हणाली, "भाकऱ्या टोपलीत आहेत. ताक झाकून ठेवत जा." बास, एवढंच.

शाळा उघडली त्या दिवशी हेडमास्तरांनी वस्तीची यादी वाचली. मुलं एकेक करून "हजर" म्हणत होती. माझ्या मुलीचं नाव आलं. हेडमास्तरांनी दोनदा वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. इंजिनिअर साहेबांनीही पाहिलं.

"मामाकडे गेली आहे," मी म्हटलं.

"केव्हा येणार?"

"कळवतो."

हेडमास्तरांनी नावापुढे 'परगावी' असं लिहिलं. अक्षर सुरेख होतं त्यांचं. बाक सगळ्यांना बरोबर आले. पाय जमिनीला टेकत होते. एक मुलगी गव्हाणीत जाऊन बसली आणि तिची बोलावूनही निघायची तयारी नव्हती. साहेब म्हणाले, "जमलं हो तुम्हाला." मी आभार मानले आणि काम आहे असं सांगून बाहेर पडलो. काम काही नव्हतं. घरी जाऊन ताक झाकलेलं आहे की नाही ते पाहिलं. नव्हतं.

असा दीड महिना गेला. घरात आवाज म्हणून फक्त माझ्या जोड्यांचा, तोही दोन्ही पायांचा सारखा. संध्याकाळी मी ओसरीवर बसून राही. वस्तीतली मुलं समोर खेळताना दिसत. त्यांच्या बोटांना खडू लागलेला असे. माणसानं इतरांच्या मुलांसाठी चांगली जागा केली तर त्यानं समाधान मानावं, असं मी स्वतःला सांगून बघितलं. ते काही लागू पडलं नाही.

मग मेव्हण्यांचं पत्र आलं. ते वकिलाकडे कारकून, त्यामुळे घरगुती पत्रही अर्जासारखं लिहीत. 'आपली कन्या कुशल आहे. तथापि तिनं आमच्या माजघराच्या नुकत्याच चुना दिलेल्या भिंतींवर, चारही बाजूंनी, हात पोहोचेल इतक्या उंचीवर कोळशानं रेघ ओढली असून ती पुसली जात नाही. सबब आपण योग्य ती समज द्यावी.'

मी ते पत्र तीनदा वाचलं. साहेबांच्या शाबासकीनं जे समाधान झालं नव्हतं ते त्या 'सबब'नं झालं. समज मात्र दिली नाही. उत्तर लिहायचं राहूनच गेलं, आणि आठवड्याच्या आत एका दुपारी दाराशी टांगा थांबला.

बायकोनं ट्रंक आत ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"वहिनीनं हिला भिंत धुवायला लावली. सगळ्यांच्या देखत. एवढ्याशा पोरीला!"

"मग?"

"मग काय? मी धुतली. ही नुसती बघत उभी. दटावली तर म्हणते, 'आई, आपल्या भिंतीवर चालतं.'" ती माझ्याकडे बघायला लागली. "आपली भिंत म्हणे. कुठली हो आपली भिंत?"

मी माझ्या जोड्यांकडे पाहिलं.

"उद्या सोडते हिला," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी बोलणी खाण्यापेक्षा तुमच्या त्या पागेत बसलेली बरी. पण जरा रडली, एकदा जरी रडली, तर मी उचलून आणीन. मग तुमचे महाराज आले तरी ऐकायची नाही."

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी एकच रेघ चार वेळा काढली आणि चार वेळा खोडली. डोकं दुखतं असं सांगून लवकर निघालो. ते खोटंही नव्हतं. घरी आलो तर मुलगी शाळेतून येऊन, खाऊन, कणगीशेजारी निजली होती. नखांत खडू भरलेला. बायको ओसरीच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात घेवड्याच्या शेंगा, एकही सोललेली नाही.

"रडली का?" मी विचारलं.

"रडेल म्हणून मी कोपऱ्यावर उभी होते," ती म्हणाली. "सकाळपासून. घंटा होईपर्यंत. एकदा खिडकीत आली. मला बघितलंन् तिनं, चांगलं बघितलंन्."

"मग?"

"मग वळली आणि आत गेली."

मी तिच्याशेजारी टेकलो. तिनं एक शेंग उचलली, ती तशीच परत ठेवली.

"तिला बसायला जागा चांगली केलीत," ती म्हणाली. "आता दुपारभर मी कुठं बसू, ते सांगा."